वॉचमनकाकांचं घड्याळ, कुलाब्याची वेळ आणि चंद्रावरचे आरसे

आपल्या हॉस्टेलच्या गेटवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे आहे, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. वॉचमनकाकांनाही ठाऊक आहे. तरीसुद्धा मागच्या महिन्यात दादरहून धावतपळत आलो, मोबाईलमध्ये ९:५८ झाले होते, आणि काकांनी शांतपणे लेट रजिस्टर पुढे केलं. मी मोबाईल दाखवला. काका म्हणाले, "तुझ्या मोबाईलची वेळ तुझ्याकडे. गेटवर गेटची वेळ चालते."

त्या रविवारी लालबागला आबांकडे गेलो तेव्हा रागारागात हे सगळं सांगितलं. आबा (म्हणजे माझे आजोबा, गिरणीतून निवृत्त) आधी पोटभर हसले. मग म्हणाले, "पाच मिनिटांचं काय घेऊन बसलास बाळा! आमच्या चाळीत एका भिंतीच्या अलीकडे-पलीकडे एकोणचाळीस मिनिटांचा फरक होता." शेजारचे गृहस्थ म्युनिसिपालटीत होते, त्यांच्या घरात मुंबईची वेळ. आमच्या पणजोबांच्या घरात गिरणीच्या भोंग्याची, म्हणजे भारतीय प्रमाणवेळ. आबा तेव्हा शाळेत होते. कुठे जायला उशीर झाला की शेजाऱ्यांच्या घड्याळाचा दाखला द्यायचा, ही त्यांची युक्ती!

मला आधी ही थाप वाटली. पण शोधायला लागलो तर गोष्ट खरी निघाली, आणि ती कुलाब्याहून सुरू होऊन थेट चंद्रापर्यंत गेली. तीच इथे सांगतो.

ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये कुलाब्याला वेधशाळा उभारली. आज कुलाबा म्हटलं की पावसाचे आकडे आठवतात (सांताक्रूझ इतके मिलिमीटर, कुलाबा तितके), पण मुळात तिचं मोठं काम होतं वेळ सांगण्याचं. बंदरातल्या जहाजांना समुद्रात आपला रेखांश काढायला अचूक घड्याळ लागतं. ते घड्याळ लावून घ्यायचं कशावरून? वेधशाळेवरून. ठरलेल्या क्षणी विजेच्या इशाऱ्याने खांबावरचा एक मोठा गोळा खाली पडायचा आणि बंदरातले खलाशी आपापली घड्याळं जुळवायचे.

आणि वेधशाळेला वेळ कोण सांगायचं? तारे. एक दुर्बीण अशी बसवायची की ती फक्त उत्तर-दक्षिण रेषेतच वरखाली फिरेल, डावीउजवीकडे जराही हलणार नाही. तिच्या भिंगात बारीक उभी तार. पृथ्वी फिरते, ठरलेला तारा सरकत येतो आणि तारेला ओलांडतो. हा तारा किती वाजता ओलांडणार हे आधीच कोष्टकात लिहिलेलं असतं. तुमचं घड्याळ वेगळं काही दाखवत असेल तर घड्याळ चुकलं. नीट लक्षात घ्या, कुलाब्याचा सगळा हिशोब एका गृहीतावर उभा होता : चुकतं ते घड्याळ, पृथ्वी कधीच चुकत नाही.

या पद्धतीने मिळणारी वेळ ही त्या जागेची वेळ असते. मुंबईची वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे. खरं तर काटेकोर बोलायचं तर दादरची वेळही कुलाब्याच्या सहा-सात सेकंद पुढे हवी, कारण दादर थोडं पूर्वेला आहे! गिरगाव मात्र जवळजवळ कुलाब्याच्याच रेखांशावर, तिथे फरक एखाद्या सेकंदाचा. एवढं कोणी पाळत नसे. पण गंमत बघा, रेल्वे आणि तार खातं मद्रासच्या वेळेने चालायचं, आणि मद्रास मुंबईच्या अर्धा तास पुढे. म्हणजे स्टेशनात शिरलं की अर्धा तास गेला.

१८८१ मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी मुंबईत सरकारी कामाला मद्रासची वेळ लागू केली. लोकांनी ती मानली नाही. राजाबाई टॉवर तेव्हा नवाकोरा होता, १८७८ मध्ये पुरा झालेला. विद्यापीठाने टॉवरच्या घड्याळात मुंबईचीच वेळ ठेवायचं ठरवलं, तेव्हा सरकारने त्या घड्याळाच्या दिवाबत्तीचा खर्च द्यायला नकार दिला! शेवटी १८८३ मध्ये सरकारनेच माघार घेतली.

दुसरी फेरी १९०६ ची. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली, ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. मुंबईच्या लोकांनी घड्याळ ३९ मिनिटं पुढे करायचं. आता आपल्याला वाटेल, करा की, त्यात काय एवढं! पण गिरणीत सकाळच्या ठोक्याला हजर राहणाऱ्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. घड्याळातली वेळ तीच, भोंगा तोच, पण सूर्याच्या हिशोबाने तुम्हाला ३९ मिनिटं आधी अंथरुणातून उठवलं जातंय. त्या जानेवारीत गिरणी कामगारांनी माग बंद ठेवले, गिरण्यांवर दगड मारले. शहरात पंधरा हजारांहून जास्त लोकांनी निषेधाच्या अर्जांवर सह्या केल्या. फिरोजशहा मेहतांनी महापालिकेत मुंबईच्या वेळेची बाजू लावून धरली आणि पालिकेची घड्याळं मुंबईच्याच वेळेवर राहिली. किती वर्षं? १९५५ पर्यंत! म्हणजे आबांचे शेजारी अगदी बरोबर होते.

या सगळ्या धामधुमीत कुलाबा वेधशाळेचे संचालक होते नानाभाई मूस, त्या पदावरचे पहिले भारतीय (१८९६ ते १९१९). बाहेर लोक भांडत होते ते ३९ मिनिटांवरून, घड्याळ कोणाचं यावरून. पृथ्वीवर मात्र कोणाचाच संशय नव्हता. मुंबईवाले असोत की मद्रासवाले, दोघांचा मालक एकच, फिरणारी पृथ्वी.

१९५५ मध्येच, म्हणजे मुंबईची वेळ गेली त्याच वर्षी, इंग्लंडमध्ये सीझियमचं अणुघड्याळ चालू झालं. आणि थोड्याच वर्षांत मालकाचीच चौकशी सुरू झाली. १९६७ मध्ये सेकंदाची व्याख्या पृथ्वीपासून तोडून सीझियमला बांधली : सीझियम अणूच्या ९,१९,२६,३१,७७० कंपनांना लागणारा काळ म्हणजे एक सेकंद. (फर्स्ट इयरच्या फिजिक्सला हा आकडा पाठ केला होता, कशासाठी ते आत्ता कळलं.) या घड्याळाशी ताडून पाहिलं तर पृथ्वी चक्क लेट लतीफ निघाली. तीही एकसारखी नाही, कधी जास्त, कधी कमी.

कारणं बरीच आहेत. वारे हे एक. ऋतूप्रमाणे वाऱ्यांचे पट्टे जोर धरतात, तेव्हा ते पृथ्वीकडून फिरकी उसनी घेतात आणि नंतर परत करतात. त्यामुळे वर्षभरात दिवसाची लांबी सुमारे एक मिलिसेकंदाने कमीजास्त होते. पृथ्वीच्या पोटातला लोखंडाचा रस हे दुसरं, ते वर्षानुवर्षांच्या हिशोबाने चालतं. आणि तिसरं कारण गिरगाव चौपाटीवर उभं राहिलं की डोळ्यांना दिसतं : भरती-ओहोटी. चंद्र पाणी ओढतो, पृथ्वी त्या फुगवट्याखालून गरगर फिरते, घासाघीस होते, ब्रेक लागतो. शतकामागे दिवस सुमारे पावणेदोन मिलिसेकंदांनी लांबतो. पृथ्वीची गेलेली फिरकी चंद्राला मिळते आणि तो दरवर्षी ३.८ सेंटिमीटर लांब जातो.

हे ३.८ सेंटिमीटर कोणी मोजले? टेप घेऊन तर कोणी गेलं नाही ना! जवळजवळ तसंच झालं.

२१ जुलै १९६९ ला अपोलो-११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर साधारण दीड फूट लांबी-रुंदीची एक चौकट ठेवली. त्यात काचेचे १०० लोलक. लोलकाची रचना अशी की तीन पृष्ठभाग एकमेकांना काटकोनात, खोलीच्या कोपऱ्यासारखे. अशा कोपऱ्यात प्रकाश कुठूनही आला तरी आला त्याच दिशेला परत जातो. कॉमन रूममध्ये कॅरम खेळताना पाहिलं असेल, स्ट्रायकर कोपऱ्याजवळ दोन्ही कडांना आपटला की आला त्याच दिशेला उलटा येतो. तेच तत्त्व, फक्त दोनाऐवजी तीन कडा. सायकलच्या मागचा लाल रिफ्लेक्टरही याच जातीचा. पुढे अपोलो-१४ ने १०० आणि अपोलो-१५ ने ३०० लोलक ठेवले. रशियाच्या दोन लुनोखोद गाड्यांवर फ्रान्सने बनवलेले परावर्तक गेले. त्यातली पहिली गाडी नेमकी कुठे आहे याचा पत्ता कित्येक वर्षं नव्हता. २०१० मध्ये फोटोत सापडली, लेसर मारला तर पठ्ठ्या अजून चमकतोय! या आरशांना बॅटरी नाही, वायर नाही, मेंटेनन्स नाही. पन्नास वर्षं उलटून गेली, चालू आहेत.

पृथ्वीवरून दुर्बिणीतून लेसरचा छोटासा ठोका सोडायचा, तो परत येईपर्यंतचा वेळ मोजायचा. जायला-यायला सुमारे अडीच सेकंद. वेळ गुणिले प्रकाशाचा वेग भागिले दोन, झालं अंतर. कागदावर सोपं. पण लेसर कितीही सरळ म्हटला तरी पसरतो. चंद्रावर पोचेपर्यंत त्याचा ठिपका दोनेक किलोमीटरचा होतो, समजा करी रोडपासून परळ स्टेशनपर्यंत, आणि त्यात आरसा दीड फुटाचा. परत येताना तो आणखी पसरतो, साधारण १५ किलोमीटर, म्हणजे कुलाब्यापासून दादरपर्यंत. तेवढ्यात तुमची दुर्बीण साडेतीन मीटरची. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या अपाचे पॉइंटच्या यंत्रणेत एका ठोक्यात सुमारे ३ वर १७ शून्यं इतके फोटॉन निघतात आणि परत सापडतो एखादा. तो एक फोटॉन पकडायचा, आणि त्याची वेळ मोजायची. अंतर एक सेंटिमीटरपर्यंत हवं तर वेळ ६७ पिकोसेकंदांपर्यंत हवी. तिथे आता हे काम मिलिमीटरपर्यंत गेलंय. आपण डीएसओवर मायक्रोसेकंदाची पल्स स्थिर दिसावी म्हणून अर्धं प्रॅक्टिकल घालवतो, असो.

आता खरा प्रश्न. अंतर मोजलं चंद्राचं, मग त्यातून पृथ्वी लेट आहे हे कसं कळलं? मला हे समजायला दोन रात्री लागल्या, म्हणून जरा सावकाश सांगतो.

समजा ती दुर्बीण आपल्या हॉस्टेलच्या गच्चीवर आहे. (कल्पनाच करायची तर कंजुषी कशाला!) पृथ्वी फिरते म्हणून आपली गच्ची सेकंदाला सुमारे ४४० मीटर वेगाने पूर्वेकडे चाललीय. म्हणजे मिलिसेकंदाला ४४ सेंटिमीटर. चंद्र नुकताच शिवडीच्या बाजूने उगवलाय. आपण त्याच्याकडे धावतोय, अंतर भराभर कमी होतंय. क्षितिजापासून डोक्यावर येईपर्यंत चंद्र आपल्याला सहा हजार किलोमीटरहून जास्त जवळ येतो, ते केवळ आपण फिरल्यामुळे. त्याची स्वतःची चाल वेगळी, ती गणिताने काढलेली असते.

आता अणुघड्याळात ठरलेली वेळ झाली. गणित म्हणतं, या क्षणी अंतर अमुक असलं पाहिजे. पण पृथ्वी एक मिलिसेकंद मागे पडलीय. म्हणजे गच्ची जिथे असायला हवी त्याच्या ४४ सेंटिमीटर पश्चिमेला आहे. चंद्र पूर्वेला, आपण पश्चिमेला मागे राहिलो, तर मोजलेलं अंतर गणितापेक्षा ४४ सेंटिमीटर जास्त येईल.

कोणी म्हणेल, कशावरून पृथ्वीच लेट? चंद्रच ४४ सेंटिमीटर लांब असेल, तुमचं चंद्राचं गणित चुकलं असेल! बरोबर शंका. म्हणून थांबायचं. चंद्र डोक्यावर आला की मोजून उपयोग नाही, कारण तेव्हा आपण मागेपुढे सरकलो तरी ते आडवं सरकणं, अंतर बदलत नाही. चंद्र पश्चिमेला अरबी समुद्राकडे कलला की पुन्हा मोजायचं. आता पृथ्वी लेट असेल तर आपण पश्चिमेला मागे राहिलोय, आणि चंद्रही पश्चिमेलाच, म्हणजे अंतर ४४ सेंटिमीटर कमी यायला हवं. चूक चंद्राच्या गणितातली असेल तर दोन्ही वेळा अंतर जास्तच येईल. एक अधिक, एक उणे आलं की समजायचं, गुन्हेगार पृथ्वी. दोन्ही अधिक, तर चंद्र. (प्रत्यक्षात चंद्र आकाशात कुठे आहे, दुर्बीण कुठल्या अक्षांशावर, आसाचं डोलणं, असे बरेच गुणक लावावे लागतात. पण गाभा हाच.) अंतर सेंटिमीटरमध्ये कळतंय आणि मिलिसेकंदाला ४४ सेंटिमीटर, तर पृथ्वीचा उशीर मिलिसेकंदाच्या दहाव्या भागापेक्षाही बारीक कळणार हे उघड आहे.

मला यातली एक गोष्ट फार आवडली. कुलाब्याला दुर्बिणीतली तार आणि तारा, इथे दुर्बीण आणि आरसा. दोन्हीकडे पृथ्वीचं फिरणंच पकडतोय. फक्त कुलाब्याला पृथ्वी परीक्षक होती आणि घड्याळ व्हायव्हाला उभं. आता घड्याळ खुर्चीत बसलंय आणि पृथ्वी जर्नल घेऊन समोर उभी आहे.

आजच्या घडीला पृथ्वीच्या फिरण्याचं रोजचं काम मुख्यतः रेडिओ दुर्बिणी करतात, अब्जावधी प्रकाशवर्षं दूरच्या क्वेसारांकडे बघून. त्यांना ढग आड येत नाहीत, अमावस्या-पौर्णिमेची अडचण नाही. चंद्रावर नेमाने लेसर मारणाऱ्या वेधशाळा हातावर मोजण्याइतक्याच. पण चंद्राच्या नोंदी १९७० च्या आसपासपासून सलग आहेत, आणि चंद्राचं स्वतःचं गणित त्यांच्यावाचून होत नाही. आपल्या चांद्रयान-३ चं विक्रम लँडर २३ ऑगस्ट २०२३ ला उतरलं, त्यावरही नासाने दिलेला आठ लोलकांचा पाच सेंटिमीटरचा छोटा घुमट आहे. १२ डिसेंबर २०२३ ला चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या यानाने १०० किलोमीटरवरून त्यावर लेसर मारला आणि उत्तर आलं. पृथ्वीवरून मारायला मात्र तो फार लहान आहे.

तर, पृथ्वी लेट आहे हे कळलं. पुढे काय? इथे भांडण पुन्हा सुरू होतं.

दिवस एक-दोन मिलिसेकंद लांब असला तर बिघडलं काय, असं वाटेल. पण रोज दोन मिलिसेकंद मागे पडणारं घड्याळ पाचशे दिवसांत एक सेकंद मागे पडतं. म्हणून १९७२ पासून अधूनमधून जगाच्या घड्याळात एक जादा सेकंद घालतात, म्हणजे पृथ्वीला थोडं थांबून सोबत घेतात. आतापर्यंत असे २७ सेकंद घातले गेले. शेवटचा घातला तेव्हा ग्रिनिचला ३१ डिसेंबर २०१६ ची मध्यरात्र होती आणि आपल्याकडे १ जानेवारी २०१७ ची पहाट. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या घड्याळात, जिथून आपली प्रमाणवेळ निघते, ५ वाजून २९ मिनिटं ५९ सेकंदांनंतर साडेपाच न होता ५:२९:६० झाले. तुम्ही-आम्ही झोपलेले होतो.

कॉम्प्युटरवाल्यांना हा साठावा सेकंद आवडत नाही, प्रोग्रॅम गडबडतात. त्यात पृथ्वीने नवाच खेळ केला, २०२० पासून ती थोडी जोरात फिरू लागली. ५ जुलै २०२४ चा दिवस २४ तासांपेक्षा १.६६ मिलिसेकंद लहान भरला. म्हणजे उद्या एक सेकंद घालायचा नव्हे, काढायचा प्रसंग येईल की काय, अशी चर्चा झाली. शेवटी नोव्हेंबर २०२२ मध्ये वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ठरवलंच होतं, की २०३५ पर्यंत हा नियम सैल करायचा आणि घड्याळ व पृथ्वी यांच्यातला फरक एका सेकंदापेक्षा जास्त वाढू द्यायचा. पृथ्वीने आपल्या गतीने यावं, आम्ही थांबणार नाही.

माझ्या रूम पार्टनरचं (अर्थातच कॉम्प्युटर ब्रँच) मत, हे आधीच व्हायला हवं होतं. माझं मत उलटं आहे. घड्याळ सूर्यापासून सुटलं तर आज काही होणार नाही, शंभर वर्षांत फार तर मिनिटभराचा फरक. पण १९०६ मध्येही सांगणारे हेच सांगत होते, की आकडाच तर बदलतोय. मला निदान इतकं वाटतं, की पृथ्वी किती मागे राहिली हे कोणीतरी मोजत राहावं.

हे सगळं आबांना सांगितलं. आरसे, फोटॉन, ४४ सेंटिमीटर, सगळं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तो जादाचा सेकंद पाळीवरच्या माणसाला भरपगारी धरतात का?"

याचं उत्तर मला कुठेच सापडलेलं नाही.

जाता जाता : फेब्रुवारीतल्या एका रविवारी गच्चीवर सरळ काठी उभी करा आणि तिची सर्वांत लहान सावली कधी पडते ते बघा. १२ वाजता पडणार नाही. महिन्याच्या मध्याच्या सुमाराला १२:५३ च्या आसपास पडेल, नोव्हेंबरच्या सुरुवातीला केलंत तर १२:२२ च्या. वर्षाची सरासरी काढली तर बारा वाजून एकोणचाळीस. मी केलं तेव्हा ढगांमुळे चार मिनिटं चुकलो. खाली येऊन वॉचमनकाकांना सांगितलं की सूर्याच्या हिशोबाने तुमचं घड्याळ पाच नव्हे, चव्वेचाळीस मिनिटं पुढे आहे. ते म्हणाले, "मग सूर्याला सांग दहाच्या आत यायला."